उताराचा उसना वेग

पूर्णगडचा पूल ओलांडून सागरी महामार्गाने आडिवऱ्याकडे निघालं की रस्ता एक तर चढतो, नाहीतर उतरतो. मधे सपाटी लागलीच तर तो सडा, आणि सड्यावर वस्ती नाही. वाड्या सगळ्या उतारावर, झऱ्यांच्या आणि माडापोफळींच्या आधाराने. या पट्ट्यातल्या एका गावात मी वीस वर्षं माध्यमिक शाळेत पीटी शिकवतो. शाळेचं मैदान डोंगर कापून काढलेलं, लांबी कशीबशी साठ मीटर. चेंडू जरा जोरात मारला की शेजारच्या आंब्याच्या कलमांत जातो आणि खेळ संपतो. पोरांना धावायला न्यायचं कुठे, हा प्रश्न मला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून आहे. तो नीट सोडवायला भाग पाडलं ते बायोने, म्हणून हे प्रकरण तिचं.

बायो हे तिचं घरातलं नाव; खरं इथे देत नाही. बारावी झाल्यावर भावाच्या जुन्या मोबाइलवर व्हिडिओ बघून तिने पोलीस भरतीचा सराव आपला आपण सुरू केला होता. मैदानी परीक्षा ५० गुणांची. मुलींना ८०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत संपवलं तर पूर्ण २० गुण, पुढे दहा-दहा सेकंदांच्या टप्प्याने ते गळत जातात. मैदानीत निम्मे गुण मिळाले नाहीत तर लेखीपर्यंत पोचायचा प्रश्नच नाही.

नोव्हेंबरात ती शाळेत आली. "सर, टायमिंग चांगलं येतंय, पण नडग्या ठणकतात." ॲप दाखवलं. किलोमीटरला चार मिनिटं दहा सेकंद. या हिशेबाने ८०० मीटर ३ मिनिटं २० सेकंदांत बसायला हवं, आणि दीड महिन्याच्या सरावात एवढं म्हणजे कौतुकच. शनिवारी तिला खाली पुळणीवर नेलं, ओल्या वाळूत ८०० मीटर आखून धावायला लावलं. ४ मिनिटं ५ सेकंद. शेवटी ती वाळूतच बसली आणि माझ्याकडे बघेना.

मोबाइल खोटं बोलत नव्हता. फक्त तो रस्ता तिच्या बाजूने धावत होता. तिचं घर उताराच्या मधोमध. सकाळी घाटीने चालत वर सड्यावरच्या एस्टी थांब्यापर्यंत जायचं, तिथून डांबरी रस्त्याने सुसाट खाली खाडीवरच्या साकवापर्यंत, आणि मग दमल्यावर चालत घरी. आठवड्याचे सातही दिवस हेच. पायात शाळेतले कॅनव्हासचे बूट.

तो रस्ता मी मोजला. झाडीत आणि वळणांत मोबाइलचं जीपीएस कधीकधी माणसाला दरीच्या पलीकडून धावत नेतं, त्यामुळे त्यावर माझा भरवसा नाही. सायकलच्या मागच्या चाकाच्या एका आरीला लाल फडकं बांधलं आणि सायकल ढकलत चाललो. सव्वीस इंची चाकाचा एक फेरा म्हणजे २ मीटर ७ सेंटिमीटरच्या आसपास, ८०० मीटरला ३८६ फेरे. फडकं वर आलं की एक. वाटेत दोघांनी सायकल पंक्चर आहे का म्हणून विचारलं, तेव्हा आकडा चुकला आणि पुन्हा वर जावं लागलं. थांबा ते साकव १,३८० मीटर भरलं. उंचीसाठी ग्रामपंचायतीत नळपाणी योजनेचे कागद काढले. पाण्याची टाकी सड्याच्या कडेला आहे आणि विहीर साकवाजवळ, त्यामुळे दोन्हीतला फरक लिहिलेलाच होता. ९५ मीटर. म्हणजे दर १०० मीटरला जवळजवळ ७ मीटर उतार. वरून नारळ सोडला तर तोसुद्धा खाडीपर्यंत बरं टायमिंग देईल.

आता नडग्यांचं. उतारावर धाप लागत नाही म्हणून माणसाला वाटतं की त्रासच नाही. पण त्रास फुप्फुसांकडून पायांकडे गेलेला असतो. आंबा घाटातून भरलेला ट्रक उतरतो तेव्हा इंजिन मजेत असतं आणि ब्रेक तापतात, तसंच. मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराला रोखून धरतो; उतार धावल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंबलतात त्या यामुळे. हाडांना मिळतो तो दणका वेगळा. नऊ अंशांच्या उतारावर पाय टेकतानाचा पहिला दणका सपाटीच्या मानाने निम्म्याहून जास्त वाढतो आणि तेवढ्याच चढावर तो जवळजवळ नाहीसा होतो, असं प्रयोगांत मोजलेलं आहे. आमचा रस्ता सरासरीने चार अंशांचा, पण दोन वळणांवर त्याच्या दुप्पट तिरका. बायो तिथेच सगळ्यात जोरात पळायची, कारण तिथे ॲपवरचा आकडा झकास दिसायचा.

तिची डावी नडगी जास्त दुखत होती. माझा संशय रस्त्याच्या ढाळावर आहे. पावसाचं पाणी गटारात जावं म्हणून आपल्याकडचे रस्ते मधे उंच आणि कडांना उतरते असतात. ती कायम डाव्या कडेने धावायची, म्हणजे डावा पाय कायम खाली पडायचा.

दुखतं कुठे ते बोटाने दाखव म्हटलं. तिने बोट ठेवलं नाही, सबंध तळहात नडगीच्या आतल्या बाजूवर ठेवला. जीव थोडा भांड्यात पडला. दुखणं एका बोटाखाली, एकाच ठिपक्यावर सापडलं असतं तर हाडाला बारीक चीर असण्याची भीती असते. पसरलेलं दुखणं बहुतेक वेळा हाडाच्या आवरणाला झालेल्या जाचाचं असतं. तरी हा निवाडा पीटीच्या शिक्षकाने करायचा नसतो. डॉक्टरांनी फोटो काढला, हाड शाबूत होतं, तीन आठवडे धावणं बंद. रक्तही तपासलं. हिमोग्लोबिन ९.८. बायकांत १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात, तेव्हा ही पोर अर्ध्या टाकीवर गाडी पळवत होती. शाळेत आठवड्याला एक निळी लोहाची गोळी मिळते, ती घेत नव्हतीस का, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. घेत होती. चहाबरोबर. चहाने लोह नीट अंगी लागत नाही, हे मला माहीत होतं. चार वर्षं माझ्याच हाताने गोळ्या वाटल्या आणि चहाचं एकदाही विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी सुरुवात केली ती तिचाच रस्ता उलटा करून. चढ धावायचा, उतार चालायचा. सगळ्या प्रकरणात मला सांगण्यासारखं काही असेल तर एवढंच. डोंगराळ गावात किती किलोमीटर हा प्रश्न दुय्यम. किती मीटर चढ आणि उतार कशाने, हे आधी विचारायला हवं. चढावर वेग आपोआप कमी राहतो, दणका बसत नाही, आणि मांडी-पोटऱ्यांना जे बळ लागतं ते तिथेच मिळतं. वहाळाच्या मोरीपासून पिंपळापर्यंत १०० मीटर नेमका चढ मिळाला. आठवड्यातून दोनदा सहा फेऱ्या, वर धावत आणि खाली चालत. उतरायला डांबर सोडून जुनी पाखाडी घेतली. जांभ्या चिऱ्यांच्या १४० पायऱ्या, एकही दुसरीसारखी नाही. अशा पाखाडीवर धावायची इच्छा असली तरी माणूस चालतोच.

तिला हे पटलं नाही. ॲप आता किलोमीटरला सात मिनिटं दाखवायला लागलं आणि तिला त्याची लाज वाटायची. शेवटी मोबाइल घरी ठेवायला लावला. मोजणी तिच्या आईने घेतली. आई पिंपळाच्या पाराजवळ गडग्यावर बसायची, एका हातात काठी, ओच्यात काजूच्या सहा बिया. बायो वर पोचली की एक बी गडग्यावर. काठी बिबट्यासाठी होती. वाडीच्या मागच्या काजूत तो दोनदा दिसला होता. बिबट्यापुढे काठीने काय होणार हे आईलाही ठाऊक होतं, पण रस्त्यावर कोणी बसलंय म्हटल्यावर येणारे-जाणारेही गप्प राहायचे. सुरुवातीला गप्प नव्हते. "काय गो, पोरीक पळवतंस ती पोलिसात की सर्कशीत?" असं एका आजोबांनी विचारलं होतं. आईने बी गडग्यावर ठेवली आणि उत्तर दिलं नाही.

वेळेचा नियम आम्ही एस्टीवरून बांधला. मुक्कामाची गाडी पावणेसातला सुटते. तिच्या आधी रस्त्यावर जायचं नाही, कारण अंधार. ती गेली की पुढचा म्हावऱ्याचा टेंपो येईपर्यंत पाऊण तास रस्ता रिकामा. वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात म्हणून पायी माणसाने उजव्या कडेने, समोरून येणारं दिसेल असं धावायचं. इथवर सगळेच सांगतात. पण घाटरस्त्यात वळण उजवीकडे डोंगराला चिकटून आत जातं, तिथे समोरच्या चालकाला आपण शेवटच्या क्षणी दिसतो. अशा वळणाच्या पुरेसं आधी पलीकडे जायचं आणि वळण संपल्यावर परत यायचं. दोन ठिकाणी मी दगडाला चुना फासून खूण केली.

जानेवारीपासून सडा. वर गेलं की एकदम आभाळ मोकळं, पश्चिमेला समुद्राची रेघ, आणि पायाखाली जांभ्याचा कातळ. सपाट आहे, पण मऊ नाही. वाळल्या गवताखाली खळगे दिसत नाहीत आणि घोटा मुरगळायला एक खळगा पुरतो. म्हणून गुरांच्या रोजच्या वाटा धरल्या. गुरं जिथून जातात तिथली माती दबलेली आणि वाट उघडी असते. फुरसं हा विषारी साप, हे दुसरं कारण. रत्नागिरीच्या सड्यांवर ते मुबलक, वीतभर-दीड वीत लांब, कातळाच्या रंगाचं आणि भलतंच तापट. उघड्या वाटेवर निदान दिसतं तरी. दगड उचलून खूण करायची झाली तर आधी काठीने उलटायचा, खाली विंचू असतो. तांबड्या विंचवाचं विष हृदयावर जातं, महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रूढ करेपर्यंत कोकणात या दंशाने पोरं दगावत होती.

सड्याच्या टोकाला कलमांची बाग आहे. मोहोर आला की राखणीला नेपाळी कुटुंब येतं आणि त्यांचे दोन कुत्रे. पहिल्या दिवशी ते बायोच्या अंगावर धावले, आणि तिने जे करू नये तेच केलं, पळत सुटली. पळणारं दिसलं की कुत्रा पाठलाग करणारच. पुढचे तीन दिवस मी तिच्याबरोबर गेलो. बागेचं कुंपण दिसलं की चालायचं, राखणदाराला हाक मारायची, त्याने कुत्र्यांना नावाने बोलवायचं. चौथ्या दिवशी कुत्र्यांनी मान वर केली आणि परत खाली ठेवली. चावला असता तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवून तडक आरोग्य केंद्र, हे तिच्या आईकडून मी पाठ करून घेतलं होतं.

सड्यावरची माझी एक चूक इथे नोंदवतो. ४०० मीटरचा सरळ पट्टा आखायला मी चुन्याची फक्की टाकत गेलो. दुसऱ्या दिवशी कोवळं तिरपं ऊन पडलेलं, आणि बायो मधेच थांबून म्हणाली, "सर, हा मासा आहे काय?" माझी चुन्याची रेघ एका कातळशिल्पाच्या शेपटीवरून गेली होती. वीस वर्षं त्या सड्यावर फिरतोय, मला ते कधी दिसलं नव्हतं. दुपारच्या उन्हात ती खोदरेघ दिसतच नाही. इथून जवळच कशेळीला कातळात कोरलेला प्रचंड हत्ती आहे, आणि कोकणातली अशी ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. आम्ही दोघांनी शाळेतून बादल्या आणून चुना धुतला, पट्टा शंभर पावलं पूर्वेला सरकवला आणि माशाभोवती कोणी धावणार नाही असं ठरवलं. गुरं मात्र अजून त्याच्यावरूनच जातात.

मार्चनंतर सडा आठ वाजताच तव्यासारखा तापतो. मग पुळण. पण पुळण रोज मिळत नाही, आणि हे शहरातून आलेल्या धावणाऱ्यांना कळत नाही. कोरड्या वाळूत पाय रुततो, पोटरी धरते, टाचेची शीर ताणते. धावायची ती भरती उतरल्यावर उघडी पडलेली ओली, घट्ट वाळू. ती सकाळी सहाला असेल की नाही हे तिथीवर. आमच्याकडे जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकराच्या सुमाराला पूर्ण भरती आणि त्याच्या सहा तास आधी, पहाटे सव्वापाचला, पूर्ण सुकती. प्रतिपदेला हेच पाऊण तासाने पुढे सरकतं, द्वितीयेला दीड तासाने. अष्टमीला आठ पाऊणे सहा: सकाळी सहालाच भरती, धावायला जागा नाही. मिनिटामिनिटाला जुळत नाही, पण घरातून निघायचं की नाही हे ठरवायला पुरतं. चतुर्दशीपासून चतुर्थीपर्यंतचे दिवस पुळणीचे, मधले घाटरस्त्याचे, असं आम्ही कालनिर्णयवर लाल पेनाने गोल करून टाकलं. तिच्या आईने विचारलं, एवढ्या एकादश्या सोडून भलत्याच तिथ्यांना कसले उपास?

ओली वाळूही समुद्राकडे कललेली असते, म्हणून एका दिशेने जेवढं तेवढंच उलट्या दिशेने. पुळणीवर आम्ही २०० मीटरचे चार तुकडे करायचो, मधे दोन मिनिटं चाल. मेच्या अखेरीला तिने सबंध ८०० मीटर ३ मिनिटं १४ सेकंदांत काढलं.

मग पाऊस. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. सड्यावर पहिल्या सरींबरोबर पांढरी दीपकाडी फुलते, फार देखणी. पण महिन्याभरात कातळावर शेवाळ धरतं आणि तिथे धावणं म्हणजे साबणावर धावणं. पाखाडीही गेली. वाडीतले लोक पायऱ्यांवर ब्लीचिंग पावडर टाकतात, पण ती दोन पावसांत धुऊन जाते. समुद्र उधाणलेला. उरला तो डांबरी चढ आणि घराची पडवी. त्या चार महिन्यांबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे. चढाच्या फेऱ्या, पडवीत बैठका, उतरताना छत्री. बूट सुकायचे नाहीत, म्हणून चुलीच्या वैलावर वर्तमानपत्र कोंबून ठेवायचे. दोन जोड झाले तेव्हा कुठे भागलं. दुसरा जोड मुंबईच्या मामाने गणपतीला आणला. सप्टेंबरात हिमोग्लोबिन १२.१ आलं.

दिवाळीनंतर पुळणीवर ३ मिनिटं २ सेकंद. मी खूश होतो. जानेवारीत मैदानी लागली. आदल्या दिवशी एस्टीने जाऊन नातेवाइकांकडे मुक्काम केला.

तिथे वेळ लागला ३ मिनिटं १३ सेकंद. पुळणीपेक्षा ११ सेकंद जास्त, आणि दहा सेकंदांच्या एका टप्प्याचे गुण गेले. मैदानीची पात्रता मिळाली, लेखीला बसली, निवड यादीत थोडक्यात राहिली. नेमक्या त्याच गुणांनी राहिली असं मी म्हणणार नाही. लेखीतही कमी पडले होते.

पण धाव कुठे बिघडली हे तिने येताना एस्टीत सांगितलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. मैदान गोल होतं. ४०० मीटरच्या दोन फेऱ्या, आणि एका वेळी वीसेक मुली. चौदा महिन्यांत तिने चढ धावला, सडा धावला, वाळू धावली, आणि सगळं सरळ, एकटीने. वळणावर अंग आत किती झुकवायचं, आतली रेघ कशी धरायची, सुरुवातीच्या ढकलाढकलीत कोपर कुठे ठेवायचं, यातलं तिला काहीच माहीत नव्हतं. पहिल्या वळणाला ती बाहेर फेकली गेली आणि दोन्ही फेऱ्या तिसऱ्या-चौथ्या रांगेतून धावली. बाहेरून धावलं की अंतर वाढतं. शाळेत मी हे फळ्यावर गणित मांडून शिकवतो.

४०० मीटरचं वर्तुळ आमच्या गावात बसत नाही. २०० मीटरचं बसतं, पण ते फक्त खालच्या मळ्यात, भात कापून झाल्यावर. बांध नसलेला एकच सलग कुणगा आहे आणि तो सर्कशीचं विचारणाऱ्या आजोबांचा. ते तिथे डिसेंबरात ओलीवर कुळीथ पेरतात. मी विचारायला गेलो तेव्हा त्यांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही. यंदा कापणी झाल्यावर बायो, तिची आई आणि १६०० मीटरच्या तयारीला लागलेली दोन पोरं मळ्यात गेली, तर कुणग्याच्या मधोमध कुळथाची पेर झालेली होती, आणि कडेने बैलांच्या गुठ्याने दाबून काढलेला चार हात रुंद गोल पट्टा मोकळा सोडलेला. सायकलने मोजला. १९४ मीटर भरला.